माठ पास झाला

फार पूर्वी, मडकी माणसांपेक्षा जास्त बोलायची तेव्हाची गोष्ट. कुंभाराच्या अंगणात एक कोरा माठ पाण्यावाचूनच घामाघूम झाला होता. उद्या बाजार. बायका टिचकी मारून बघणार. खणखणीत वाजला तर घरी नेणार, बद्द वाजला तर त्याची खापरं होणार. म्हणून पठ्ठ्या दिसेल ते पोटात कोंबत सुटला. वाळू, भुसा, शेजारच्या पणतीची वातसुद्धा.

कोपऱ्यातला म्हातारा रांजण खुदखुदला. "काय रे, बारशाला जेवतोयस का?"

"हसू नका आजोबा. आत काही नसलं तर बायका मला माठ म्हणतील."

"मग काय झारी म्हणतील? जरा वाजून तर बघ."

माठाने हळूच दगडाला पोट टेकवलं. आवाज आला, बद्द. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आव्यात भाजून निघालास तेव्हाच तुझी तयारी झाली," रांजण म्हणाला. "आता वाजायला आत थोडी हवा ठेव, लेका."

माठ आडवा झाला, सगळं ओतून दिलं आणि पोटात गार वारा घेऊन चक्क घोरू लागला.

सकाळी बाजारात एका बाईने टिचकी मारली. टणण्.

"वा, माठ म्हणावा तर असा," ती म्हणाली.

माठ म्हटल्यावर इतका खूश झालेला तो जगातला पहिलाच.