पडद्यामागचा कर्णा

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, मी तिथेच होतो. म्हणजे नव्हतो, पण असतो तर हेच पाहिलं असतं.

गावोगावच्या टॉकीज बंद पडत होत्या, त्या काळी सदानंद खरोट्यांनी एका टॉकीजच्या पडद्यामागचा अवाढव्य कर्णा घरी आणून टीव्हीशेजारी बसवला. पहिल्याच सिनेमाला घरातले तिघंही चिडीचूप. शिट्टी नाही, टाळी नाही! सिनेमा पडला, असं समजून कर्ण्याने आणखी जोर लावला. कपाटातल्या बश्या नाचू लागल्या.

"अहो, उद्याच्या उद्या हे धूड भंगारात द्या!" खरोटेवहिनी ओरडल्या.

टीव्हीचा चिमुकला स्पीकर म्हणाला, "आजोबा, बोंबलताय कशाला? जरा समोर बघा की."

कर्ण्याचा जन्म पडद्यामागे गेलेला. प्रेक्षक त्याने कधी पाहिलाच नव्हता. आता पाहिला. सिनेमात मायलेकरांची ताटातूट चालली होती आणि वहिनी एका हाताने कान दाबून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या.

कर्ण्याने आवाज हळूच खाली आणला.

वहिनींनी कानावरचा हात काढला. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "राहील कोपऱ्यात."

स्पीकर बोलला, कर्ण्याने ऐकलं, सगळं खरं. तीन माणसं मोबाइल न बघता अख्खा सिनेमा बघत बसली, तेवढं मात्र मी रचलं.