द्वारकाबाईंची आई

"पण यात कमी काय आहे, बुवा? तेवढं तरी सांगा."

उत्तराने चित्र पुन्हा पुढे धरलं. बुवांनी ते डोळ्यांपाशी नेलं, मग हात लांब करून पाहिलं. देवळांच्या भिंतींवर देव रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता मोतीबिंदूमुळे ते देवही धूसर झाले होते.

"कमी काही नाही," बुवा म्हणाले. "थोडं जास्त आहे."

"एखादी सुरकुती जास्त पडली का?"

बुवा नुसते हसले...

उत्तराला ते हसू बोचलं. पेन्सिल धरायला तिला याच बुवांनी शिकवलं होतं, हे खरं. पण आता तिची चित्रं पाहायला लोक लांबून येत. बुवांना दिसत नाही आता, दुसरं काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

श्रावणातला शुक्रवार होता. देवीच्या सभामंडपात भिंतीला जिवतीचा कागद चिकटवलेला, पुढे आघाडा-दूर्वांची माळ आणि कुंकवाची कोयरी. पलीकडे खांबाला टेकून द्वारकाबाई वाती वळत होत्या. लक्ष वातींचा नेम धरला होता त्यांनी.

चित्र त्यांचंच होतं. उत्तराने ते खांबाआडून, त्यांना कळू न देता काढलं होतं. सोमवारी ते पुण्याच्या प्रदर्शनात लागायचं होतं.

"तू सारखे म्हाताऱ्यांचेच चेहरे का काढतेस गं?"

"तरुण चेहऱ्यावर पेन्सिल नुसती घसरते, बुवा. म्हाताऱ्या चेहऱ्यावर तिला पाय ठेवायला जागा मिळते. सगळा जन्म उमटलेला असतो तिथं. ही ओठाच्या कडेची घडी बघा..."

"ती हसून पडली, की हसू दाबून?"

उत्तरा कागदावर वाकली. घडी किती लांब, किती खोल, ते तिने बारकाईने पाहिलं होतं. हे मात्र मनातही आलं नव्हतं.

"काय खलबतं चाललीत गुरुशिष्यांची?" द्वारकाबाईंनी हाताचा कापूस झटकला. "आम्हालाही दाखवा की!"

आता आजी हरखून जाणार, म्हणून उत्तराने लगबगीने चित्र त्यांच्या हाती दिलं.

द्वारकाबाईंनी कागद उजेडाकडे केला. पाहत राहिल्या...

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ही तुला कुठे भेटली?"

"कोण, आजी?"

"माझी आई."

उत्तराला हसू फुटलं. "अहो आजी, ही तर..."

बुवांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"हे हनुवटीवरचं गोंदण बघ. आम्हां मायलेकींना एकाच बाईनं गोंदलं. मी रडून गाव गोळा केलं. तर ही म्हणते कशी, रडू नको, आता तू हरवलीस तरी मला सापडशील!"

"पण आजी, तुम्ही आरशात कधी..." उत्तराच्या तोंडून निसटलंच.

"आरसा? हे गेल्यापासून माझं काय काम आरशाशी? कुंकू लावायचं नाही. आणि केसांचं काय, हाताला कळतात ते."

त्यांनी कागदावरून अलगद बोट फिरवलं.

"तिचा एक फोटो नाही गं आमच्याकडे. दिवेलागणीला नाव घेते तिचं. चेहरा आठवायला जाते, तर निसटून जातो... पण पोरी, कपाळ मोकळं का ठेवलंस? सवाष्ण गेली हो माझी आई!"

द्वारकाबाईंचं कपाळ मोकळंच होतं. दिसलं तसं उत्तराने काढलं होतं.

द्वारकाबाईंचा हात कोयरीकडे गेला आणि मध्येच अडला. कितीतरी वर्षांत ते बोट कुंकवाला शिवलं नव्हतं. त्यांनी बुवांकडे पाहिलं.

बुवांनी कोयरी उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"आजी, थांबा! ते प्रदर्श..."

बोट टेकलं. पेन्सिलीच्या करड्या कपाळावर लालभडक कुंकू उमटलं. थोडं नाकावरही सांडलं.

द्वारकाबाई हसल्या. त्यांच्या ओठाच्या कडेची घडी हलली... आणि उत्तराला कळलं, ती हसूनच पडली होती.

"नेऊ का गं हे घरी? देव्हाऱ्याशेजारी लावीन. दिवा लावला की दिसेल मला."

उत्तराच्या डोळ्यांपुढे पुण्याची ती भिंत आली. चित्रासाठी राखून ठेवलेली, रिकामी. तिने बुवांकडे पाहिलं. बुवा जिवतीकडे पाहत होते.

"न्या, आजी," ती म्हणाली. मग घाईने, "थांबा, एक राहिलंय."

कागदाच्या कोपऱ्यात तिची झोकदार सही होती. उत्तराने खोडरबर काढला आणि ती पुसली. पार पुसली.

"नाव काय हो आईंचं?"

"तिचं नाव?" द्वारकाबाईंनी वर पाहिलं. "ते विचारणारं कुणी उरलंच नव्हतं गं... चंद्रभागा. माहेरी भागू म्हणत."

उत्तराने सहीच्या जागी लहान अक्षरांत नाव लिहिलं. द्वारकाबाईंनी चित्र पदराखाली धरलं आणि त्या निघाल्या. वाती तिथेच राहिल्या.

उत्तराने त्या एकेक करून गोळा केल्या.

"बुवा... मी सांगायला हवं होतं का? त्यांची आई मी कधी पाहिलीसुद्धा नाही."

बुवा उठले. आपलं आसन त्यांनी उचललं, झटकलं, उत्तरापुढे अंथरलं. तिला खुणेनेच त्यावर बसवलं. स्वतः समोर फरशीवर मांडी घालून बसले.

"दिसतं ते काढायला मी तुला शिकवलं, बाळ. पाहिलं नाही ते कसं काढलंस... ते आता तू मला शिकव."