राईच्या आईचा कोरा हात

देवीचं अंग कसं चकाकतंय बघा. तोंड, मुकुट, उजवा हात, पायांची बोटंसुद्धा. आणि डावा हात? कोरं, पांढरट लाकूड. हात लावू नका, नुसतं बघा. बघणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो की एवढा हात राहिला कसा. मागच्या वर्षी एक गृहस्थ तर दुकानातून रोगणाचा डबाच घेऊन आले. म्हणाले, काका, वाळवी खाईल, मी लावून देतो. मी म्हटलं, खाऊ द्या. वाळवी खाते म्हणून तर दर बारा वर्षांनी तेवढा हात नवा घडवून बसवतो. त्या गृहस्थांना माझा रागच आला असावा, कारण चहा न घेताच गेले.

मी बाबल चितारी. धुपवड्यात आमचं एकच घर हे काम करतं. या राईत धुपाची झाडं होती म्हणून गावाचं नाव धुपवडे. एका कडेला सालीवर वीतभर खाच घ्यायची, बुंध्याशी हलका धूर द्यायचा, की महिन्याभरात राळ पाझरते. ती मडक्यात वितळवून जवसाच्या तेलात कढवली की आमचं रोगण झालं. त्याच्यावर पाऊस, कीड, धूर कशाचंच काही चालत नाही. खाच मात्र एकाच कडेला. चारी बाजूंनी साल काढली तर झाड मरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

असं सांगतात की पूर्वी इथे सतरा झाडं होती, आणि वर त्या टेकाडावर रवळोजी नाईकाची गढी होती. नाईकाचा धंदा लढाईचा. शत्रूच्या गलबतांवर पेटती मडकी फेकायला त्याला राळ हवी होती, आणि ती लगेच हवी होती. त्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन राईत शिरली. त्यांनी झाडांच्या साली गोल सोलल्या, बुंध्याशी होळ्या पेटवल्या. म्हणे चार दिवस राळ पाण्यासारखी वाहत होती, आणि पाचव्या दिवसापासून वरची पानं गळायला लागली. सोळा झाडं अशी मारली. उरलं ते देवळामागचं एक, देवी आईचं.

त्या झाडाला पाठ लावून देवू चितारी उभा राहिला. आमच्या मूळ पुरुषाचा हा थोरला भाऊ. देवीला रोगण चढवायचा मान त्याचा. शांत माणूस, कधी कुणाशी चढ्या आवाजात बोललेला नाही. त्याने उजवा हात बुंध्यावर ठेवला आणि म्हणाला, "ह्या एक झाड ऱ्हवांदे, नाईकानू."

नाईक घोड्यावरून उतरला. "तुझो हात मधे येता," एवढंच म्हणाला, आणि स्वतःच्या तलवारीने तो हात मनगटापासून तोडला. झाडाच्या सालीत तलवारीची खूण पडली. कशामुळे कोण जाणे, पण नाईकाने त्या झाडाला मग हात लावला नाही. काही जण म्हणतात देवी आडवी आली. मला वाटतं त्याला पुरेशी राळ मिळाली होती.

देवूची बायको येसू. ती रडत बसली नाही. चुलीवर राळेचं मडकं होतं, तिने नवऱ्याचं मनगट त्या कढत राळेत बुडवलं. तो किंचाळला तो आवाज खाडीपलीकडे ऐकू गेला म्हणे. पण रक्त थांबलं आणि माणूस जगला. पुढे सहा महिने तिने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, डाव्या हातात कुंचला धरायला शिकवलं. तो कामापुरतंच बोलायचा. आत काय शिजतंय ते त्याने तिलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग नाईकाच्या मुलाचं लग्न ठरलं. गढीची सदर नवी बांधली होती. फणसाचे खांब, कोरीव तुळया, आणि एकच भक्कम दार. तिला रोगण हवं, आणि पंचक्रोशीत रोगण करणारा एकच. हात तोडलेल्या माणसालाच नाईकाने बोलावणं धाडलं, इतका तो माजला होता. देवू गेला. डाव्या हाताने दोन आठवडे खपून त्याने सदर आरशासारखी केली.

पण त्याने जवसाचं तेल वापरलंच नव्हतं. करंजेल घातलं होतं, जे आपण दिव्यात जाळतो ते. जवसाचं तेल सुकतं, करंजेल कधी सुकत नाही. चितारी अशी चूक करणार नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. धुपाच्या वासाखाली करंजेलाचा वास दबला. हाताला चिकटतंय म्हणून कुणी विचारलं तर देवू सांगे, अजून आठ दिवस लागतील. लग्न आठ दिवस थांबणार थोडंच.

लग्नाच्या दिवशी तिन्हीसांजेला सदरेत पंगत बसायची होती. नाईक धरून चाळीस हत्यारबंद माणसं पाटांवर येऊन बसली होती, बाया-पोरं कडेने उभी होती. पाटांभोवती रांगोळी घालायला येसूला आयत्या वेळी बोलावून नेलं होतं. देवूला याचा पत्ता नव्हता, तो दुपारपासून सदरेच्या मागे लपून बसला होता. रांगोळी घालताना उठायला म्हणून येसूने खांबाला हात टेकला. हात चिकटला. तिने तळवा नाकाशी नेला. चितारणीला एवढं पुरेसं होतं.

ती ओरडली असती तर देवूचं मुंडकं तिथल्या तिथे उडालं असतं. म्हणून ती बायकांना हसत म्हणाली, "भायर आईचे तरंग इले हत, पोरांका घेवन पाया पडाक चला." देवीच्या काठ्या दारात आल्या म्हटल्यावर कोण थांबतंय? एकोणीस बाया-पोरं बाहेर पडून गढीच्या दरवाजाकडे धावली. त्यांच्याच तोंडून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली आहे. येसू मात्र उंबऱ्यावरून मागे फिरली. नाईकाची आंधळी आई कोपऱ्यात बसली होती, तिला आणायला.

देवूने आडून बायका बाहेर पडताना पाहिल्या. त्याला वाटलं, आईनेच वाट करून दिली. आता आत फक्त तलवारीवाले. त्याने दार ओढलं, खांद्यावर तोलून जाड अडसर बाहेरून बसवला आणि गजांच्या खिडकीतून पेटता चूड आत टाकला.

सदर एका श्वासात पेटली. चाळीस माणसं दारावर आदळत होती, एकमेकांना तुडवत होती, तलवारीने दार तोडायला बघत होती. त्या कल्लोळात येसू हाका मारत होती, "अवो, अवो, माका भायर काढा." नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं. तिने कधी घेतलं नव्हतं. चाळीस आवाजांत ते "अवो" कुणाला आणि कुणाचं, हे देवूला कळणार कसं? तो पाठ फिरवून चालायला लागला होता.

तेव्हा तिने नाव घेतलं. "देवू!"

तो धावत आला. एका हाताने अडसर उचलेना. खाली खांदा घालायला गेला तर कपडे पेटले. डाव्या हाताने त्याने अडसर धरला तो सोडलाच नाही, तापलेल्या रोगणात तळव्याचं मांस चिकटून राहिलं. दोन हात असते तर अडसर निघाला असता. दारापलीकडून आणखी दोनदा नाव आलं, मग आलं नाही. त्याला ओढून काढलं तेव्हा हाताचा नुसता कोळशासारखा खुंट उरला होता.

तो बरीच वर्षं जगला. पुढे आईला रोगण द्यायची वेळ आली तेव्हा धाकट्या भावाने कुंचला धरला आणि देवू पायरीवर बसून बघत राहिला. कुंचला डाव्या हातापाशी आला तसा तो म्हणाला, "तो हात ऱ्हवांदे." त्या आगीनंतर मरेपर्यंत तो एवढंच बोलला म्हणतात.

नवरा-बायकोने एकमेकांचं नाव न घेण्याची रीत सगळीकडे आहे. उखाण्यात घेतात, लाजतात, बाकीचे चेष्टा करतात. धुपवड्यात तसं नाही. इथे सून घरात आली की पहिल्याच दिवशी सासू तिला नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायला लावते, नुसतं, उखाण्याशिवाय, बाहेरच्या माणसाला ऐकू जाईल इतकं.

आजही घरात रोगण लावलं की ते सुकेपर्यंत दिवा लावण्याआधी मी दारात उभा राहून विचारतो, "भितर कोण आसा?" आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. बायको अंगणात माझ्या डोळ्यांसमोर तांदूळ निवडत बसलेली असते, तरी विचारतो. आणि ती मान वर करून म्हणते, "बाबल, मी भायर आसंय." ते ऐकल्याशिवाय मी काडी ओढत नाही.