पृथ्वीने धरलेली पावले

ही कृतयुगाच्या आरंभीची कथा. धरणी तेव्हा नुकती घडली होती, आणि विधात्याने तिला इतकी गुळगुळीत केली होती की तिच्यावर पाऊल म्हणून ठरत नसे. एकदा ढकललेली वस्तू त्याच वेगाने अखंड सरकत राही. म्हणून आश्रमांत एक रीत पडली होती. पाहुणा निघाला की यजमानाने एका हाताने झाड कवटाळायचे, नाहीतर तोच मागे घरंगळायचा, आणि दुसऱ्या हाताने पाहुण्याच्या पाठीला रेटा द्यायचा. जिथे जायचे तिथल्या कुणीतरी तसेच झाड धरून त्याला झेलायचे.

महातपस्वी चिरायण ऋषींना हे परावलंबन सलू लागले. तप मोठे, अहंकार त्याहून मोठा! ब्रह्मदेव प्रसन्न होताच ते गरजले, "हे चतुरानना, कोणाच्याही हाताने माझी गती खुंटू नये!" मागणाऱ्याची अक्कल तपासायची देवांना सवयच नाही. "तथास्तु" म्हणून ते मोकळे झाले. ऋषिपत्नी उपलेने दारातली बकुळ कवटाळून स्वामींना रेटा दिला, आणि ऋषी निघाले ते निघालेच.

चढावर वेग मंदावे, उतारावर तेवढाच भरून येई. पृथ्वीला वळसा घालून ते आश्रमापाशी आले तेव्हा उपलेने हात पसरले, पण वराच्या प्रभावाने ऋषी त्या हातांतून निसटून गेले. अशी तपे लोटली. जटा पांढऱ्या झाल्या, डोळे झोपेला पारखे झाले. दर फेरीला उपला बकुळीखाली उभी दिसे. पुढे ती बसलेली दिसू लागली. आणि एका फेरीला आडवी पडलेली दिसली. तिने हात उचललाच नाही, नुसते पाहिले. पुढच्या फेरीला ती असेल का?

"माते वसुंधरे," ते कळवळले, "दमलो गं मी! मला थांबव."

पृथ्वी म्हणाली, "वत्सा, मला हात नाहीत, म्हणून तुझा वर मला आड येत नाही. मी तुझी पावले धरीन. परंतु आईला एकाच लेकराला धरता येत नाही. धरायचे तर सर्वांनाच. मग बैलाला नांगर जोर लावून ओढावा लागेल, बाईला जाते रेटावे लागेल, माणसाला पाऊल न् पाऊल स्वतः टाकावे लागेल. सारे थकतील. हे सर्वांच्या माथी मारू?"

ऋषी म्हणाले, "थकून बसता येणे वेगळे, माते, आणि थकूनही बसता न येणे वेगळे. पहिले सर्वांना दे. दुसरे वैऱ्यालाही देऊ नकोस."

तत्क्षणी धरणीचे अंग खरखरीत झाले. ऋषींचा वेग ओसरत गेला, आणि बकुळीच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, ते थांबले. मागे रेटा द्यायला कुणी नव्हते.

उपला क्षीण स्वरात म्हणाली, "ढकलायचे बळ आता माझ्यात नाही हो."

ऋषींनी टाच भुईत रोवून भुईला मागे रेटले. भुईने तेवढ्याच जोराने त्यांना पुढे रेटले. ते पडले, उठले, धापा टाकत पोहोचले. तिचे हात गार पडले होते. त्यांनी ते आपल्या तळव्यांत घेऊन चोळले, आणि जगात कधी नव्हती अशी ऊब त्या घासण्यातून निघाली.

"आलात?"

"आलो. फार दमलो गं."

"बसा मग."

सूर्यास्ताला उपला गेली. पण गेली तेव्हा तिचे हात उबदार होते.

तेव्हापासून ऋषिमुनी अरणीवर अरणी घासून अग्नी काढतात, भुईवर चालणारा प्रत्येक जीव थकतो, आणि थांबतोही. भुईला पाय न टेकणारे सूर्यचंद्र तेवढे बिचारे अजून फिरत आहेत. त्यांना कुणी 'बसा' म्हणत नाही.