पाहुण्यांची जागा

रावेतच्या आमच्या मोरपीस सोसायटीचे चेअरमन खर्डेकर म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. फक्त ते पुस्तक दुसऱ्यांना वाचून दाखवण्यापुरतं. गेटजवळ एका गाडीपुरती मोकळी जागा होती. तिथे त्यांनी ‘फक्त पाहुण्यांसाठी’ अशी पाटी लावली आणि पाटीखाली आपलीच दुसरी गाडी आणून उभी केली. ती तीन महिने जागची हलली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या लोणकर काकूंचे थोरले भाऊ भाऊबीजेला आले. सत्तरी उलटलेल्या त्या माणसाला गाडी हमरस्त्यावर ठेवून, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत यावं लागलं.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. खर्डेकर मधल्या खुर्चीत ऐसपैस बसले होते. काकूंनी हात वर केला.

“साहेब, पाहुण्यांच्या जागेत दुसऱ्या कुणी गाडी लावली तर चालतं का हो?”

“अजिबात नाही!” खर्डेकर कडाडले. “नियम मी स्वतः केलाय. तिथे ज्याची गाडी, तो पाहुणाच असला पाहिजे!”

“बरं झालं सांगितलंत,” म्हणत काकूंनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि अदबीनं त्यांच्यापुढे ठेवला. “घ्या. तीन महिने झाले तुम्हाला येऊन, कुणी साधं पाणीही विचारलं नाही. आता त्या खुर्चीतून उठा आणि इकडे निवांत बसा. पाहुण्याला आम्ही चहा देतो, चेअरमन करत नाही.”

हसून हसून सभेची मुरकुंडी वळली. चहा तसाच निवत राहिला. खर्डेकर खिशात गाडीची किल्ली शोधत होते.