बोराच्या आठळीची परीक्षा

बोरीच्या झुडपांनी भरलेल्या एका जंगलात, मधोमध उभ्या असलेल्या कडुनिंबावर जाड चोचीच्या पाखरांचा थवा राहत असे. मंडळींना आपल्या चोचीचा भारी तोरा. त्यांची रीतच होती, की पंख फुटले की पिल्लाने सगळ्यांदेखत बोराची आठळी फोडून दाखवायची. फोडली तर बसायला फांदी मिळे, नाहीतर झाड सोडावं लागे.

एका आईची लेक मात्र बारीक चोच घेऊन जन्मली. परीक्षा आठवड्यावर आली तशी आई तिला रोज ओढ्याकाठच्या दगडावर चोच आपटायला लावू लागली. "अजून थोडं, माझी बाय ती. आपटून आपटून होईल जाड," असं म्हणताना आईचेच डोळे भरून येत. लेक बिचारी निमूट टकटक करी. एके दिवशी त्या दगडातून चक्क एक मान बाहेर आली.

"पोरी, पाठ दुखली गं माझी," म्हातारं कासव म्हणालं. मुलांनो, ज्याला मायलेकी दगड समजत होत्या, ते हेच. आईने ओशाळून सगळी हकिकत सांगितली. कासव म्हणालं, "अगं वेडे, आपटून का चोच जाड होते? मी लहान होतो तेव्हा निंबावर सगळे हिच्यासारखेच होते. जाड चोचीचे दोन-चार, त्यांना बाकीचे हसायचे. मग दुष्काळ पडला. गवत वाळलं, बारीक बी संपलं, उरल्या फक्त आठळ्या. त्या ज्यांना फुटल्या ते जगले. त्यांची पिल्लं त्यांच्यावर गेली, नातवंडंही तशीच निघाली. तुमची चोच कुणी कमावलेली नाही."

आईने हे थव्याला सांगितलं, पण कुणी ते मनावर घेतलं नाही. लेकीला आठळी फुटली नाही, आणि आई तिच्याबरोबर झाड सोडून ओढ्याकाठी राहायला गेली. पुढच्याच वर्षी बोरींना कीड लागली, एकही बोर धरलं नाही. गवत मात्र माजलं होतं. पण त्याचं बारीक बी जाड चोचींतून निसटून जाई. उपाशी पिल्लं घेऊन थवा ओढ्याकाठी आला, तेव्हा लेकीने कुसळांतून बी काढून आधी त्या पिल्लांना भरवलं. थव्याचा म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, "घरी चल, बाळ. चुकलं आमचं."

बोरी काही सावरल्या नाहीत. लेकीची पिल्लं तगली, त्यांची पिल्लं वाढली, आणि कितीतरी पिढ्यांनी निंब बारीक चोचींनी भरून गेला. एके सकाळी कासवाच्या पाठीवर पुन्हा खरखर झाली. बारीक चोचीची एक आई आपल्या जाड चोचीच्या लेकाला सांगत होती, "घास बाळा, घासून घासून होईल बारीक. नाहीतर झाड सोडावं लागेल." कासवाने हळूच मान बाहेर काढली. "बस गं बाई जरा," ते मायेने म्हणालं, "याच्या खापरपणजीची गोष्ट सांगतो."

तात्पर्य : आपल्यात वेगळं निघालेलं लेकरू जपावं, दिवस पालटले की सगळ्यांचं पोट त्याच्याच चोचीवर भरतं.