अण्णाप्पाचा हरवलेला आवाज

एका गावात एक विणकर राहत होता, आणि तो घरी आला हे साऱ्या गल्लीला कळायचं, इतका त्याचा आवाज मोठा. त्याचं नाव अण्णाप्पा. उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. नुसतं "पाणी दे" म्हणाला तरी भांडल्यासारखं वाटे. त्याची म्हातारी आई गौराक्का कानांनी अधू होती. तिला फक्त लेकाचंच बोलणं नीट ऐकू येई, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

एकदा बाजारात मंदी आली. कापड गोदामात पडून राहिलं, माग थांबले. तरी अण्णाप्पा रोज सकाळी डबा घेऊन निघे आणि दिवस मावळला की परते. "आमच्या कारखान्याला काय धक्का न्हाई," असं त्यानं घरी ठोकून दिलं होतं. एकदा शेजारीण विचारायला आली, "वसतिगृहाच्या खानावळीत आमटीभाजी करायला नवराबायको पायजेत, येता का?" तेव्हा नवऱ्याच्या शब्दावर विसंबून त्याची बायको शेवंता "आमचं बरं चाललंय की" म्हणून मोकळी झाली.

थोड्याच दिवसांत गौराक्का रुसली. "लेक माझ्याशी बोलत न्हाई. माझं काय चुकलं गं?"

शेवंताला नवल वाटलं. नवरा तर रोज आईजवळ बसून बोलत होता! तिनं कान देऊन ऐकलं. बोलत होता खरा, पण परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, हळू. घसा बसला म्हणावं तर खोकला नाही. राग म्हणावा तर डोळे पाणावलेले. मग आवाज गेला कुठं? भाकरी थापता थापता ती विचार करत राहिली. असा हळू तो आधी कधी बोलला होता? आणि तिला आठवलं: दरवर्षी दिवाळीत, माग सुट्टीला बंद असतात तेव्हा!

दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरलाच नाही.

"अवो, माग कवापास्नं बंद हाईत?"

अण्णाप्पा उंबऱ्यावरच बसला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आवाजानं."

बिचारा ढसाढसा रडला. तळ्याकाठी बसून रोज डबा खात होता. "घरात कुठल्या तोंडानं सांगू?" म्हणाला. शेवंतानं त्याला रडू दिलं, मग थेट खानावळीत नेलं. आमटीभाजीचं काम तोवर दुसऱ्या जोडप्याला गेलं होतं. उरलं होतं चपात्या लाटणं आणि ढीगभर पातेली घासणं. शेवंता चपात्यांना बसली. अण्णाप्पा घटकाभर घुटमळला, मग बाह्या सारून त्यानं पातेली पुढं ओढली.

तिथं भांड्यांचा असा काही दणदणाट, की विचारू नका! काही दिवसांनी तो घरी आला आणि दारातूनच गरजला, "आई, जेवलीस का?"

"जेवले की," गौराक्का म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. "पण वरडतोस कशाला? मी काय भैरी हाय?"

तात्पर्य: आपल्यावर आलेलं संकट घरच्यांना वेळेवर सांगावं, लपवल्यानं ते टळत नाही, फक्त मदत यायला उशीर होतो.